पूजेच्या दिवशी चाललेला माग

लक्ष्मीपूजनाला आमचे यंत्रमाग बंद असतात. त्यांना हार घालून हात जोडायचे, चालवायचे नाहीत. आमचं कुत्रं मात्र त्यांच्याच खडखडाटात वाढलेलं.

त्या संध्याकाळी गल्लीत फटाके सुरू झाले आणि कुत्रं थरथरत कारखान्याच्या कोपऱ्यात शिरलं. मी मोबाइलवर वाचलेले सगळे उपाय केले. खिडक्या लावल्या, अंगावर चादर टाकली, जवळ घेऊन बसलो. काही उपयोग झाला नाही.

वडिलांनी थोडा वेळ पाहिलं, मग एका मागाचा हार उतरवून बटण दाबलं. फटाके त्या आवाजात बुडाले. कुत्रं पाय ताणून झोपलं.

आई धावत आली. “अहो, आज माग? लक्ष्मी काय म्हणेल?”

“काय म्हनंल? तिलाबी ह्याच आवाजाची सवय हाय की.”