प्रोबेटनंतरचं कुलूप

सोसायटीच्या ऑफिसात मालतीमावशी पुन्हा प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याच्या कोर्टाच्या दाखल्याची, प्रत पुढे करत होत्या. भावाने मृत्युपत्रात घर त्यांना दिलं, कोर्टानेही शिक्का मारला. तरी सोसायटीच्या दप्तरी नाव लागल्याशिवाय किल्ली मिळेना, म्हणून वर्षभर घराला कुलूपच.

“नाव लावायला कमिटीची सभा व्हावी लागते, आजी. माणसंच जमत नाहीत,” सेक्रेटरी म्हणाले.

“माझ्या तेराव्याला जमतील, तेव्हा उरका!”

सगळे हसले. मला हसू आलं नाही. बायकांच्या हक्कांची पत्रकं वाटत फिरणारी मी, प्रोबेट मिळताच छातीठोकपणे म्हणाले होते, “मावशी, भाड्याची खोली सोडा आता.” त्यांनी सोडली.

मेलेल्या माणसाची इच्छा खरी की खोटी, हे कोर्ट तपासतं. जिवंत माणसाचं ताटकळणं कुणाच्या खिजगणतीत नाही. माझ्या तरी कुठे होतं? आता रोज रात्री मावशी दिराच्या स्वयंपाकघरात, सगळ्यांची जेवणं आटपली की तिथेच अंथरूण घालता येईल म्हणून, भिंतीला टेकून बसलेल्या असतात.