सेफ्टी निवडताना

मेश्राम सरांचं नाव आधी घेतो. तालुक्याच्या शाळेत ते खेळ शिकवायचे. माझा शिष्यवृत्तीचा अर्ज त्यांनी स्वतः बसून भरला आणि घरातला पहिला पदवीधर मी झालो. ते नसते तर आयर्लंडमधल्या गॉलवेच्या या खोलीत मी लॅपटॉपसमोर बसलेलो नसतो. अपमान याच खोलीत झाला.

२०२०. लॉकडाऊनमधली संध्याकाळ, व्हिडिओ कॉलवर आम्ही आठ जण. कंपनी मूळची अमेरिकन, म्हणून ऑफिसात अमेरिकन फुटबॉलचे कागदी संघ बनवायचा खेळ चालायचा. खरे खेळाडू आळीपाळीने निवडायचे, त्याला ड्राफ्ट म्हणतात. मग खऱ्या सामन्यांत ते जसे खेळतील तसे आपल्याला गुण. मी आणि माझा टीम लीड हर्षद, पुण्याचा, मिळून एक संघ. सेफ्टी निवडायचं काम त्याने माझ्याकडे ढकललं. सेफ्टी म्हणजे बचावात सगळ्यात मागे उभा राहणारा. तो चुकला की मागे कुणी नाही.

तीन आठवडे मी जुने सामने पाहिले. कबड्डी शिकवताना सर म्हणायचे, तोंडाकडे नको, पायांकडे बघ. हूल दिली की जो हलतो तो आपल्या कामाचा नाही. तसंच पाहिलं. टिपण लिहिलं. हवेत अडवलेले चेंडू मोजू नका, ते एका वर्षी मिळतात, पुढच्या वर्षी नाही. माणसाला पाडणं मोजा. पुढे येऊन भिडतो का, पाहा. एकही डाव बाहेर बसत नाही ना, पाहा. आणि ज्या संघाची पुढची फळी कच्ची, त्याचा सेफ्टी घ्या. पुढच्यांनी सोडलेलं सगळं त्याच्याच अंगावर येतं.

कॉलवर टिपण पाहून आमचा आयरिश मॅनेजर कॉनर खूश झाला. ग्रँड, म्हणाला, कुणी केलं हे? हर्षद म्हणाला, मी. मग मराठीत, हसत, "हा फक्त टाइप करतो. कोट्यातला आहे, पण बोटं चालतात."

कॉलवरचे दुसरे दोन मराठी हसले. आयरिश मंडळींना कळलं नाही, पण हसणं चाललंय म्हणून तीही हसली.

मीही हसलो.

स्क्रीनच्या कोपऱ्यात माझा चेहरा होता. दात दिसत होते. वर्षभर तो मला दिसत राहिला. भात लावताना. सॉल्टहिलला समुद्राकाठी चालताना. माझं वार्षिक मूल्यमापन हर्षद करायचा, वर्क परमिट याच नोकरीवर होता, हे सगळं खरं. पण हसायला मला कुणी सांगितलं नव्हतं.

२०२१. पुन्हा ड्राफ्ट, पुन्हा कॉल. आदल्या वर्षी आमच्या सेफ्टींनी सगळ्यात जास्त गुण आणले होते. कॉनर हर्षदला म्हणाला, निवड कशी केलीस ते सांग सगळ्यांना. हर्षद अडखळला. मग मराठीत मला म्हणाला, "बोल रे, तुझं डोकं किती चालतं बघू. इथे आरक्षण नाही."

मी म्हणालो, "कॉनर, हर्षद आत्ता काय बोलला ते मी इंग्रजीत सांगतो."

सांगितलं. मागच्या वर्षीचंही, शब्दाला शब्द. जात म्हणजे काय, आरक्षण म्हणजे काय, तेही. टिपण माझं आहे, हे सगळ्यात शेवटी.

 कॉनरने चष्मा काढून डोळे चोळले. आज इथेच थांबू, म्हणाला.

हर्षदचा मेसेज आला, घरातलं बाहेर नेलंस. त्याच आठवड्यात इथल्या मराठी लोकांच्या ग्रुपमधून मला काढलं. गणपतीच्या आरतीची लिंक आली नाही. हसलेल्या दोघांपैकी एकाच्या मुलीला मी सायकल शिकवली होती. ते कुटुंब आता मला पाहून रस्ता ओलांडतं. मुलगी मात्र हात हलवते, आई तो खाली करते.

मग सरांना पत्र लिहिलं, पोस्टाने.

"आदरणीय सर, जय भीम.

फोनवर तुम्ही शाब्बास म्हणालात. ती शाबासकी मला घेता येत नाही. पहिल्या वेळी मी त्यांच्याबरोबर हसलो होतो. हे तुम्हाला सांगितलं नव्हतं, आज सांगतो.

ऑफिसात चौकशी सुरू आहे. मला काढतील की त्याला, ठाऊक नाही. सणाला आता एकटाच असतो. मराठी बोलायला माणूस नाही, त्याचं फार वाईट वाटतं. प्रकरण मिटवून टाक, असा निरोप दोनदा आला. मी मिटवणार नाही. यापुढे माझ्याबद्दल कुणी असं बोललं, तर तिथल्या प्रत्येकाला कळेल अशा भाषेत, तिथेच, मोठ्याने सांगेन. नोकरी गेली तरी सांगेन.

तुमचा विद्यार्थी"