तळ्याचा खार

लोणारच्या तळ्याचं पाणी उन्हाळ्यात मागे सरलं की काठच्या काळ्या चिखलावर पांढरा थर धरायचा. तो खार. माझी आत्या आणि तिच्या गल्लीतल्या चार-पाच बाया उजाडताच खाली उतरायच्या, खुरप्यानं तो अलगद खरडायच्या आणि फडक्यात बांधून, डोक्यावर घेऊन चढण चढायच्या. आजूबाजूच्या गावांतल्या पापडांत तोच खार जायचा. आत्याला नवरा नव्हता, शेत नव्हतं. तिनं मला वाढवलं ते या खारावर.

महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. जो तो उद्योगधंद्याचं बोलायचा. अशात एका ठेकेदारानं ट्रक भरभरून खार न्यायचं ठरवलं. उतारावरची झाडं तोडून रस्ता निघू लागला. गावातल्या पोरांना काम मिळणार होतं, ती खूश होती. मी बुलढाण्याला कॉलेजात होतो. पत्रकं लिहायचा नाद होता. मी भडकलो. त्या पोरांनाही मी विकली गेलेली म्हटलं.

ठेकेदाराविरुद्धच्या पत्रकातली शेवटची मागणी होती : तळ्यातून कोणालाही खार काढू देऊ नये. छापायला देण्याआधी ते आत्याला वाचून दाखवलं. ज्वारी निवडता निवडता ती थांबली.

"कोणालेच नाही? मंग आमाले?"

"नियम सगळ्यांना सारखा पाहिजे, आत्या."

"काऊन रे, त्याचा टरक अन् माहं फडकं सारखं हाये का?"

"तुमच्यासाठी सूट मागितली तर तोही मागेल."

"तो तं मागनच बे. त्याले मागता येते." ती हसली. "लिव्ह बापा. शिकलेला माणूस तू."

मी ते वाक्य ठेवलं. पत्रक गाजलं, सरकारची बंदी आली. आम्ही पेढे वाटले.

दुसऱ्याच सकाळी उतरणीवरच्या पहारेकऱ्यानं आत्याचं खुरपं काढून घेतलं. ठेकेदारानं अर्ज केला, कागद जोडले, आणि पुढच्या उन्हाळ्यात त्याचे ट्रक खास परवानगीनं चालू झाले. बायांचा अर्ज कोणी केला नाही. लिहिता येणारा मी होतो, आणि मी दुसऱ्या पत्रकात गुंतलो होतो.

आत्या दुसरबीडला गेली, रस्त्यावरच्या एका हॉटेलात भांडी घासायला. मी बसमधून तिथं उतरलो तेव्हा ती मागच्या मोरीवर बसलेली.

"नवं पत्रक आणलंय," मी म्हणालो. "ट्रक बंद करा, बायांना हातानं खार काढू द्या, असं लिहिलंय."

"कोन्या बायाईले? सगळ्या पांगल्या ना रे."

तिनं मालकाला विचारलं, "माह्या भावाचा पोरगा आला जी. बसू का पाच मिन्टं?"

"भांडे झाल्यावर बस," तो म्हणाला.

मी उभा राहिलो. भांडी येतच होती. माझी बस आली, तेव्हाही आत्याचे हात राखेत होते.

"जाय," ती म्हणाली. "गाडी सुटंन."

मी गेलो.