पकडणाऱ्याचे नाव

मी नोंदवहीत पेन टेकवलं रे टेकवलं, की मामांचा तळहात कागदावर यायचा. बरोबर शेवटच्या रकान्यावर. त्या रकान्याच्या डोक्यावर 'पकडणाऱ्याचे नाव' असं छापलेलं होतं.

"ताई, ते ऱ्हाऊ द्या. पाखराचं लिव्हा."

मग पाखराचं सगळं लिहायचं. जात, वजन, पंखाची लांबी, पायात घातलेल्या कडीचा नंबर. शेवटचा रकाना कोरा.

पक्ष्यांचा अभ्यास करणाऱ्या एका संस्थेत मी नोंदी ठेवते. वारज्याहून भल्या पहाटे स्कूटर काढायची, मांजरीच्या पुढे ऊस संपून माळ लागतो तिथवर जायचं, आणि मामांनी पकडलेल्या पक्ष्यांना कड्या घालून सोडून द्यायचं. मामा पारधी समाजातले. घोड्याच्या शेपटीच्या केसांचे फासे ते असे मांडत, की पक्षी अडकायचा, पण त्याचं पीसही वाकडं होत नसे. आमच्या सरांनी मागवलेल्या महागड्या जाळ्यात पक्षी कमी आणि बाभळीचे काटे जास्त सापडायचे. संस्थेत सगळे त्यांना मामाच म्हणत, आणि इतक्या वर्षांत त्यापलीकडचं नाव कुणाला लागलंही नाही. मला ते माहीत आहे. तुम्हाला सांगणार नाही. का, ते कळेलच.

मामा पक्षी तळहातावर घेऊन वजन सांगायचे. त्यांचा आकडा आणि आमच्या काट्याचा आकडा जुळला नाही, की आम्ही काट्याचे सेल बदलायचो. खोटं वाटेल, पण बहुतेक वेळा सेलच गेलेले असत.

एकदा लांबून एक धाविक दिसली. माळावर तुरुतुरु पळणारा मातकट पक्षी असतो तो. मामा म्हणाले, ही गेल्या सालचीच, उजवा पाय टेकवताना दचकती. सर हसले. दुपारच्या आत ती फाशात आली. कडीचा नंबर पाहिला, तर गेल्या वर्षीचाच! सरांचं हसू मावळलं आणि काही महिन्यांनी त्याचा शोधनिबंध झाला: हे पक्षी दरवर्षी त्याच माळावर परततात. वर सरांचं नाव, खाली आभारांत माझं, आणि माझ्याही खाली 'एक स्थानिक मदतनीस'. माझं डोकंच फिरलं. अहो, पुण्यात बागेतल्या बाकड्यावरसुद्धा कुणाच्या तरी स्मरणार्थ नाव घातलेलं असतं, आणि ज्या माणसामुळे हे कळलं तो नुसता 'एक'?

म्हणून विज्ञान दिनाला संस्थेच्या भिंतीवर एक फलक लावायचं ठरलं, विज्ञानात ज्यांची नावं कधी दिसत नाहीत अशा माणसांचा, तेव्हा ते काम मी मागून घेतलं. मामांना सांगितलं, तर ते बराच वेळ फाशाचा गुंता सोडवत बसले. मग त्यांनी आजोबांचं सांगितलं. इंग्रजांच्या काळात त्यांचं नाव पोलीस चौकीच्या वहीत होतं. रोज हजेरी द्यावी लागायची, कुठे लग्नाला जायचं तरी विचारून. इंग्रज गेले, पण आसपास चोरी झाली की पारध्यांच्या पालांवर पोलिसांची जीप अजून येते.

"नाव एकदा लिवलं की पुसत न्हाईत, ताई."

मी त्यांची समजूत घातली. हे मानाचं आहे, मी म्हणाले. आता काळ बदललाय, असंही मीच म्हणाले. केवढी शहाणी मी! शेवटी ते म्हणाले, तुमी म्हनताय तर लिव्हा. त्यांना माझा शब्द मोडवला नाही, एवढंच होतं ते. मी त्याला होकार समजले.

फलक झोकात झाला. मामा हातात धाविक घेऊन हसताहेत, पायाशी फासे, आणि खाली त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. मामा बघायला आले ते दारापाशीच थांबले. हे कवर ऱ्हानार, एवढंच विचारलं. मी अभिमानाने सांगितलं, कायमचं.

कुणीतरी त्याचा फोटो काढला, कुणीतरी त्यातला मजकूर कापला. माणूस, फासे आणि मुठीतला पक्षी एवढंच उरलं, आणि ते 'हा बघा पक्षी मारणारा' म्हणून या मोबाइलवरून त्या मोबाइलवर फिरलं. कुणा पक्षिप्रेमीने तक्रार केली. नाव शोधायला फार लांब जावं लागलं नाही, भिंतीवर होतंच. चौथ्या दिवशी सकाळी मामींचा फोन आला. मामांना जीपमधून नेलं होतं.

मी परवानगीची फाईल उचलली आणि निघाले. सिग्नल लाल झाला की वाटायचं, तेवढ्यात मामांना मारतील. चौकीत मामा भिंतीशी उकिडवे बसले होते, दोन्ही तळहात काखेत घालून. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. मी साहेबांपुढे फाईल ठेवली आणि आवाज चढवून सांगितलं, की हे आमच्यासाठी पक्षी पकडतात, सरकारी परवानगी आहे. साहेबांनी शांतपणे वाचलं आणि कागद माझ्याकडे फिरवला.

"मॅडम, पक्षी हाताळायची परवानगी तुमच्या सरांना आहे, तुम्हाला आहे. यात यांचं नाव कुठंय?"

नव्हतं. दोनदा वाचलं, नव्हतंच. तो अर्ज दरवर्षी मीच टाइप करत होते. मामांचं नाव सोडून द्यायची हाताला सवयच लागली होती, आणि कधी कुणी विचारलंही नव्हतं. ज्या एका कागदावरच्या नावाने त्यांना वाचवलं असतं, तिथे मी ते लिहिलं नाही, आणि भिंतीवर वीतभर अक्षरांत छापलं. मी फाईल मिटली आणि तिथूनच सरांना फोन लावला.

सरांनी पत्रं दिली, फोन केले. तिसऱ्या दिवशी मामांना सोडलं. मी स्कूटर घेऊन उभी होते. चुकलं माझं मामा, मी म्हणाले. ते रागावले असते तर बरं झालं असतं.

"तुमी चांगल्यासाटीच केलं. पन आता त्यांच्याकडं फोटू बी हाय," मामा म्हणाले, आणि चालत गेले.

फलक मी स्वतःच्या हाताने उतरवला. पुढच्या परवानगीत मामांचं नाव सगळ्यांत वर आलं, शिक्क्यासकट. तो कागद घेऊन माळावर गेले, तर पालं उठलेली. चुलीचे तीन दगड तेवढे होते. रस्त्यावरच्या टपरीवाल्याला काही माहीत नव्हतं. कागद माझ्या खणात आहे. पेपरात कुठे चोरीची बातमी आली की मी आधी संशयितांची नावं वाचते, मग चहा घेते. चहा गार झालेला असतो.

या हिवाळ्यात संस्थेतल्या नव्या मुलीच्या जाळ्यात एक धाविक आली. पायात जुनी, झिजलेली कडी. सोडल्यावर ती पळाली तशी मी बघत राहिले. उजवा पाय दचकत होता. मुलीने हौसेने जुनी नोंदवही काढली, नंबर शोधला.

"मॅडम, हिला पहिल्यांदा कुणी पकडलं होतं? कोरंच आहे हे. नाव सांगा ना, लिहून टाकते."

नाव अगदी ओठांवर आलं होतं. तिने पेन टेकवलं, आणि माझा तळहात त्या रकान्यावर जाऊन बसला.

"ते राहू दे," मी म्हणाले. "पाखराचं लिही."