माळेगावच्या अलीकडे एक घंटी

लाईट गेली की आमच्या गल्लीतले लोक बाहेर येतात. कुणी ओट्यावर बसतं, कुणी हातपंखा हलवतं, कुणी लाईटवाल्यांना शिव्या देतं. रामकिशनराव तेवढे बाहेरून आत पळतात. त्यांच्या पुढच्या खोलीत काचेची पेटी आहे आणि पेटीत एकच मासा आहे. नारिंगी, वीतभर लांब.

मी त्यांचा शेजारी. लिहायची मला सवय नाही, आणि हे जमेल असंही वाटत नाही. पण या माणसाबद्दल कुणीतरी लिहावं असं बरेच दिवस मनात होतं, आणि दुसरं कुणी लिहील असं दिसत नाही.

रामकिशनराव एसटीत कंडक्टर होते. नांदेड डेपो, आणि बरीच वर्षं लातूरची गाडी. निवृत्त झाले तरी त्यांना एका जागी बसता येत नाही. बोलतात तेही उभ्यानं, एक हात वर चौकटीला धरून, जणू घर आत्ता वळण घेणार आहे. अशा माणसाला एका माशानं घरात अडकवून ठेवलं.

मासा खरं तर मुलाचा. अश्वजितनं कॉलेजात असताना आणला. पुढे त्याला हैदराबादला नोकरी लागली आणि मासा इथंच राहिला. बापलेकांत भांडण कधी नव्हतं, पण बोलणंही नव्हतं. मुलाचा फोन यायचा तो आईला, पंचफुलावहिनींना. रामकिशनराव आजूबाजूला फिरत राहायचे. एक दिवस अश्वजित आईला म्हणाला, "बाबांना दे जरा." आणि बाबांना विचारलं, "मासा खातो का?"

तेव्हापासून रोज संध्याकाळी फोन येऊ लागला. पाणी बदललं का, शेपटी नीट आहे का. माशावरून बोलणं कधी मुलाच्या डब्यावर जाई, कधी त्याच्या घरमालकावर. एकदा रामकिशनराव मला म्हणाले, "अमरनाथराव, हा मासा मेला तर पोरगं मला काय इचारंल?" ते हसत नव्हते. 

गेल्या उन्हाळ्यात लाईट फार जाऊ लागली. लाईट गेली की पेटीतला पंप बंद, बुडबुडे बंद. मासा वर येऊन तोंडाची उघडझाप करी. मग रामकिशनराव तांब्यानं पेटीतलंच पाणी काढून उंचावरून परत पेटीत सोडत, पाण्यात हवा मिसळावी म्हणून. त्यांचा हात भरून आला की वहिनींच्या हाती तांब्या.

"बघा भाऊजी," वहिनी मला म्हणायच्या, "लग्न झाल्यापासून यांनी मला कधी तांब्याभर पाणी दिलं न्हाई. अन् माशाला दिवसभर पाजून राहिले."

काहीतरी सोय करायला हवी होती. आधी अश्वजितच्या जुन्या कॉम्प्युटरच्या यूपीएसची बॅटरी जोडून पाहिली. ती लाईट गेल्या गेल्या जी कोकलायला लागली ती शेजारच्या गल्लीत ऐकू गेली, आणि थोड्याच वेळात गपगार पडली. मग इन्व्हर्टरचं निघालं. मला सोबत घेऊन रामकिशनराव दुकानात गेले.

"काय काय चालवायचं, काका?" दुकानदारानं विचारलं.

"एक मासा."

"आँ? फॅन किती, बल्ब किती ते सांगा."

"फॅन न्हाई, बल्ब न्हाई. एक मासा."

हे घरी कळलं तेव्हा वहिनी कंबरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. "इन्व्हर्टर आला तर आधी माझा पंखा लागंल. माशाला हवा अन् माणसानं उकडून मरायचं का?" रामकिशनरावांचं म्हणणं, पंखा सगळी बॅटरी पिऊन टाकील आणि ऐन दुपारी मासा उघडा पडेल. हे बरेच दिवस चाललं. ते दुकानात जायचे, तसेच परत यायचे, चहा अर्धा टाकून पुन्हा निघायचे. त्यांना बघून मलाच घरात बसवेना.

शेवटी अश्वजितनं एक छोटा पंप पाठवला. त्याची बॅटरी त्याच्या पोटातच. सॉकेटला लावून ठेवायचा, लाईट गेली की तो आपोआप सुरू होतो. रामकिशनरावांचा विश्वास बसेना. एका दुपारी त्यांनी स्वतःच घराचा मेन स्विच पाडला आणि पेटीसमोर उभे राहिले. पंप दिवेलागणीपर्यंत चालला.

"तुमच्याच घरची लाईट गेली का हो?" कुणीतरी खिडकीतून विचारलं.

"गेली न्हाई, मी घालवली," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांचा आवाज मोकळा वाटला.

आता नवरा-बायकोनं लातूरला जायला हरकत नव्हती. तिथं त्यांची मुलगी धम्मप्रिया असते. तिला मुलगी होऊन काही महिने झाले होते, आणि आजोबांनी नात फक्त फोनवर पाहिली होती. निघताना मी म्हणालो, "चावी ठेवून जा माझ्याकडं."

"कशाला तुम्हाला तरास? मशीन हाय ना आता."

पुढचं मी दोघांकडून ऐकलं. दोघांचं सगळं जुळत नाही. जुळतं तेवढंच सांगतो.

एसटीनं लोहा गाव मागे टाकलं तेव्हा रामकिशनरावांनी वहिनींना सहज विचारलं, "गॅस बंद केला ना?"

"केला. नळ बघितला. मेन बी पाडला."

"मेन?"

"मग? गावाला निघताना दरवेळी पाडते. तुम्हीच लावली ना ही सवय?"

खरं होतं. नोकरीत असताना, घराला कुलूप लागणार असलं की, तेच वहिनींना बजावून सांगायचे. आज नव्या पंपाच्या नादात त्यांचं लक्ष नव्हतं. पंप फार तर दुपार काढील, आणि मुक्काम दोन दिवसांचा. मेन घरात, घराला कुलूप, चावी खिशात. ते उठले, वरच्या दोरीला हात घातला आणि एक घंटी दिली. ड्रायव्हरनं माळेगावच्या अलीकडे गाडी बाजूला घेतली.

कंडक्टर पोरगी तिकीट मशीन सावरत आली. "घंटी कोणी मारली?"

"मी."

"काका, ही काय रिक्षा हाय का?"

"उतरू दे बाई त्यांना," वहिनी म्हणाल्या. "घरी जिवावरचं दुखणं हाय."

"कोन आजारी हाय?"

"मासा."

गाडीभर हसू झालं. रामकिशनराव मान खाली घालून उतरले. नंतर मला म्हणाले, "माझ्या गाडीत पासिंजरनं घंटी मारली तर मी त्याला लई बोलायचो." वहिनी उतरल्या नाहीत. "मला माझी नात बघायची हाय," म्हणून खिडकीकडे सरकल्या.

ऐन उन्हात ते जीपमधून परत आले. काय झालं म्हणून मी त्यांच्या मागोमाग आत गेलो. पंप गुरगुरत होता, मासा गोल फिरत होता. रामकिशनरावांनी मेन वर केला. झालं, एवढंच काम होतं. ते जमिनीवर बसले. तेव्हा त्यांना हातातली पिशवी दिसली. नातीची झबली, टोपडी, सगळं त्यांच्याबरोबर परत आलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. आईनं गाडीतूनच मुलाला कळवलं होतं. त्यांचा फोन मोठ्यानं बोलतो, त्यामुळे मला सगळं ऐकू आलं.

"बाबा, तुम्ही रस्त्यात उतरलात?"

"हाव."

"अहो, देऊन टाका तो मासा कुणाला तरी. माशावाला घेतो परत."

रामकिशनराव उठले. दारापर्यंत गेले, पेटीपाशी आले, पुन्हा दाराशी जाऊन चौकट धरून उभे राहिले. मला निघून जावंसं वाटत होतं, पण ते दारातच होते.

"दिला," ते म्हणाले, "तर मग तू मला काय इचारशील?"

 

मग अश्वजित म्हणाला, "शेजारचे काका आहेत का तिथं? त्यांना द्या."

मी फोन घेतला. "काका, बाबांना लातूरला पाठवा. दोन दिवस चावी तुम्ही ठेवाल का?"

"मला त्या मशीनमधलं काही कळत नाही रे," मी म्हणालो.

"मशीन नाही बघायची. मासा बघायचा. मी फोन करत जाईन तुम्हाला."

मला फोनवर बोलायला नको वाटतं. तरी हो म्हणालो. दुपारच्या गाडीनं रामकिशनराव पुन्हा निघाले, पिशवी छातीशी धरून. मेन चालू आहे ना, म्हणून कोपऱ्यावरून दोनदा परत आले.

संध्याकाळी मी त्यांच्या घरात पेटीसमोर स्टूल घेऊन बसलो आणि लाईट गेली.  पण पंप आपला आपण सुरू झाला. अश्वजितचा फोन आला. मी सांगितलं : दाणे खाल्ले, शेपटी ठीक, लाईट गेली आहे, बुडबुडे येत आहेत. 

"बरं काका," तो म्हणाला. "बाबांना सांगतो."

बापलेकांचं बोलणं बराच वेळ चाललं असावं, कारण चांगला उशीर करून लातूरहून रामकिशनरावांचा फोन आला. मागे नात रडत होती, आणि तिला घेऊन ते खोलीभर फेऱ्या मारत असणार, कारण आवाज कधी जवळ येत होता, कधी लांब जात होता.

"अमरनाथराव, आत्ताच अश्वजितचा फोन आलता. लई बोलला. मासा बरा हाय म्हणे."

"हो का?" मी म्हणालो.