मशीनमागे आडवा झालेला पाहुणा

आचोळ्यात आमच्या बिल्डिंगखाली एका मेकॅनिकचं साऊंड दुरुस्तीचं दुकान आहे. कुणी स्पीकर आणला की तो आधी उलटा करतो, पाठीवरचा ओहमचा आकडा मोठ्याने वाचतो आणि विचारतो, "याला मशीन कोनती लावता?" त्याच्या भाषेत अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे मशीन. स्पीकर आणि मशीनची जोडी चुकलेली असली की हा स्वतःच जीभ चावतो.

राजोडीला माझ्या बहिणीच्या हळदीला तो पाहुणा म्हणून आला होता. नाच ऐन रंगात आला आणि आवाज फाटून बंदच पडला. भाड्याने आणलेली मशीन तव्यासारखी तापली होती. बहिणीचं तोंड एवढंसं झालं. हा नव्या शर्टासकट मशीनमागे आडवा झाला.

"एका मशीनवर चार डबे? कोन बोललं लावायला?" असं म्हणत त्याने दोन स्पीकरच्या वायरी काढल्या.

"अहो, आवाज अर्धा होईल!" मामा ओरडले.

"होऊ द्या. तिला झेपंल तेवढंच वजन द्यायचं."

मशीन थंड झाल्यावर गाणं लागलं आणि ढोलकीचा एकेक ठोका स्वच्छ छातीवर आला. मावशीने किंचाळून पदर खोचला. हा मात्र लांबून ऐकायला फाटकाबाहेर रस्त्यावर गेला. आम्ही सगळे नाचत त्याच्यामागे गेलो, त्याला घेरलं, गाल, कान, चष्मासुद्धा पिवळा केला. काही दिसत नसताना तो गरगर फिरत हसत होता आणि मध्येच थांबून ओरडला, "गाण्याचा बेस थोडा कमी करा रे!"