परडी न घेता मागितलेला जोगवा

देव न मानणाऱ्या मुलीनं जोगवा मागितला तर तो खोटेपणा ठरतो का? मला उत्तर सापडत नाही, म्हणून तुमच्यापुढं मांडतेय.

मी घरातली पहिली पदवीधर. आज सकाळी आजोबांनी तुळजाभवानीची परडी पुढं केली. "पाच घरं जोगवा माग. तुझ्या निकालासाठी नवस बोललो होतो."

मी सांगून टाकलं, "आबा, मी देव मानत नाही."

"म्हाईत हाय की! दोन वर्सं झाली, आरतीलाच बरा तुझा फोन येतो."

आई हसली. माझा जीव भांड्यात पडला.

मग आबा म्हणाले, "निजामाच्या शेवटच्या वर्षी रझाकारांच्या भीतीनं गावात पळापळ झाली. मी तान्हा. मुलाणींनी आईला अन् मला त्यांच्या जमिनीखालच्या धान्याच्या रिकाम्या पेवात दोन दिवस लपवलं. तवापासून आपला पहिला जोगवा त्यांच्या दारात. देवीचं मी बघतो, तू तेवढं घर चुकवू नको."

मी परडी घेतली नाही. ओढणी पसरून मुलाणी चाचींच्या दारात उभी राहिले.

"पास झालीस व्हय गं!" म्हणत त्यांनी ओंजळभर ज्वारी घातली.

उरलेली चार घरं आबा फिरले. माझी ज्वारी मी आत्ताच भाकरीसाठी गिरणीत दळायला टाकून आलेय.